एकाच दिवशी घेतलेले तीन गंज: खारपाणपट्ट्यातल्या एका घराचं प्रकरण

वऱ्हाडात गंज म्हणजे भांडं. उभट, काठ बाहेर वळलेलं, पाणी भरून ठेवायचं किंवा चुलीवर चढवायचं. पाठ्यपुस्तकात मात्र गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबूस थर. रसायनशास्त्र शिकवताना हे दोन अर्थ मी कायम वेगळे ठेवत आलो. मागच्या उन्हाळ्यात मावशीच्या अंगणात ते एकत्र आले.

मावशीचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोलगट पट्ट्यात पूर्णा नदीनं आणून टाकलेला गाळ. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या या काळ्याभोर सपाट मुलखात विहिरीला किंवा बोअरला पाणी लागतं, पण ते खारं असतं. प्यायचं पाणी शहानूर धरणाच्या योजनेतून नळाला येतं, तेही रोज येत नाही. त्यामुळे घरोघरी पाण्याचे दोन हिशेब चालतात: नळाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बोअरचं पाणी आंघोळीला, धुण्याभांड्याला आणि जनावरांना.

मी सुट्टीत गेलो तेव्हा मावशीनं चहाच्या आधी गंजच पुढं केला. "पाह्य बापा, वरीस नाही झालं अन् गयते. दुकानदारानं कच्चा माल देल्ला मले. मी त्याच्या दुकानात पाय नाही ठेवत आता."

गंज जर्मनचा होता, म्हणजे अॅल्युमिनियमचा. आमच्याकडे या धातूला सगळे जर्मनच म्हणतात. आदल्या वर्षीच्या लग्नसराईत मावशीनं एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मापाचे तीन गंज घेतले होते. एक मुलीच्या आंदणात गेला. एक आंघोळीचं पाणी तापवायला चुलीवर चढला. तिसरा न्हाणीच्या कोपऱ्यात वापराच्या पाण्यासाठी ठेवला. चैत्रात, म्हणजे घेतल्यापासून अकराव्या महिन्यात, तिसरा गळायला लागला. फिरत्या कारागिरानं भोकात रिपीट (रिव्हेट) मारून दिला. पाच आठवड्यांत तो परत गळू लागला, आणि या वेळी गळती रिपिटाच्या भोवतीच होती.

गावातल्या लोकांचं उत्तर तयार होतं: खारं पाणी जर्मन खातं. मावशीचं उत्तर वेगळं होतं: माल खोटा. दोन्ही उत्तरं एकाच प्रश्नाशी अडतात. माल खोटा असेल तर त्याच मालाचा चुलीवरचा गंज शाबूत कसा? आणि खारं पाणी खात असेल तर त्याच बोअरचं पाणी रोज तापवणारा तोच गंज शाबूत कसा?

म्हणून मी आधी गळका गंज नीट पाहिला. पालथा घातला, ऊन तळावर पडेल असा धरला, तर उजेडाचे नऊ बारीक ठिपके दिसले. बहुतेक सगळे बुडाच्या वळणावर, जिथं तळ संपून भिंत सुरू होते तिथं. आतून बोट फिरवलं तर वळणावर मऊ, चिकट गाळ बसलेला होता. बोअरमधून येणारी बारीक माती तिथं साचते, आणि गंज कधी पूर्ण रिकामा होतच नसल्यानं हलत नाही. गाळ धुऊन काढल्यावर खाली पांढरे फोड दिसले. मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढे, वरून कडक, आतून ओलसर गिळगिळीत. टाचणीनं फोड उघडला की खाली खड्डा. काही खड्डे उथळ होते, काही आरपार.

या फोडांनीच पहिला प्रश्न निकालात काढला. धातू सगळीकडून सारखा झिजला असता तर तळ पातळ झाला असता. स्क्रू-गेजनं मोजलं तर तळाची जाडी फोडांच्या मधल्या जागेत १.१ मि.मी. होती, आणि काठाजवळच्या पत्र्याचीही तेवढीच. पत्रा झिजलेला नव्हता, ठिपक्याठिपक्यानं पोखरला गेला होता. वळणावर मात्र पत्रा ०.८ मि.मी. भरला, कारण साच्यावर फिरवून भांडं घडवताना वळणाशी पत्रा ताणला जातो. तो कारखान्यातला नेहमीचाच प्रकार आहे, खोटेपणा नव्हे.

हातभिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसली आणि माझं पुढचं सगळं काम तिच्यावरच झालं. तीन-चार खड्ड्यांच्या काठाशी तांबूस कण होते. आधी वाटलं, बोअरच्या पाण्यातलं लोखंड. कण खरवडून नायट्रिक अॅसिडच्या थेंबात विरघळवले आणि वर अमोनिया टाकला. तळाशी साका बसला, पण वरच्या द्रवाला फिकट निळी झाक आली. तो द्रव गाळून, आम्लधर्मी करून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड टाकलं तर तपकिरी रंग उमटला. तांबं होतं.

बोअरला तांब्याची नळी नाही. मग हे तांबं आलं कुठून? घरात एकच तांब्याची वस्तू होती: प्यायच्या पाण्याचा गुंड. रात्री गुंडात नळाचं पाणी भरायचं, सकाळी सगळ्यांनी प्यायचं, आणि उरलेलं शिळं पाणी टाकून न देता न्हाणीतल्या गंजात ओतायचं. पाण्यासाठी वणवण केलेल्या घरात तांब्याभर पाणीही वाया जात नाही, आणि या सवयीत चुकीचं काहीच नाही. हा नेम गंज आणला त्या आठवड्यापासून चालू होता.

आता तिसरा गंज पाहणं भाग होतं, आंदणात गेलेला. मावसबहीण गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या बाजूच्या गावात असते. तो भाग तलावांचा, जुन्या मालगुजारी तलावांचा. जमीन जुन्या कठीण खडकाची आणि पाणी गोडं. मी जूनमध्ये तिच्याकडे जाऊन आलो. तिच्या आंदणातही तांब्याचा गुंड होता, आणि तिनं आईचाच नेम चालू ठेवला होता: सकाळचं शिळं पाणी वापराच्या गंजात. गंज तिथंही भरलेलाच असायचा. तरीही तेरा महिन्यांत त्या गंजाच्या तळाला चार-दोन उथळ ठिपके सोडून काही नव्हतं. चकाकी गेली होती, करडी छटा आली होती, एवढंच.

एका ठिकाणी खारं पाणी, पण तांबं नाही आणि पाणी रोज उकळलेलं: गंज शाबूत. दुसऱ्या ठिकाणी तांबं आहे, पण पाणी गोडं: गंज जवळजवळ शाबूत. तिसऱ्या ठिकाणी खारं पाणी, तांबं आणि गाळाखालचं साचलेपण: अकरा महिन्यांत भोक.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; त्याच्या मीटरवर मावशीच्या बोअरचा आकडा २,९०० मि.ग्रॅ./लिटरच्या आसपास आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अपेक्षित मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत सूट. शाळेतल्या सिल्व्हर नायट्रेटनं क्लोराइड मोजलं, तेही मानकाच्या २५० मि.ग्रॅ. पेक्षा कितीतरी वर. पाणी कठीणही होतं, म्हणजे कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. पीएच, म्हणजे पाणी आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा (७ च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी), ८.१. नवेगावच्या बाजूच्या पाण्याचा टीडीएस दीडशेच्या आत होता.

तीन भांड्यांवरून निष्कर्ष काढणं मला पटत नव्हतं. तीन घरं, तीन चुली, तीन हात. म्हणून पहिला पाऊस पडल्यावर बरण्या मांडल्या. गळक्या गंजाच्या भिंतीतूनच बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, म्हणजे धातू तोच राहील. पट्ट्या धुऊन, वाळवून चार काचेच्या बरण्यांत अर्ध्या बुडवल्या. पहिल्या बरणीत प्लास्टिकच्या कापडावर धरलेलं पावसाचं पाणी, दुसऱ्या बरणीत शहानूरच्या योजनेचं पाणी, तिसरीत बोअरचं. चौथीतही बोअरचंच, पण रोज सकाळी त्यातलं एक पळीभर पाणी काढून गुंडातलं शिळं पाणी पळीभर टाकायचं. तांब्याबरोबर खारटपणाही बदलू नये म्हणून तिसऱ्या बरणीत तेवढंच ताजं नळाचं पाणी टाकत गेलो. झाकणं सैल ठेवली, कारण या सगळ्याला हवेतला प्राणवायू लागतो.

चौथ्या बरणीत नवव्या दिवशी पहिला पांढरा ठिपका आला. पंधरवड्यात त्याचा फोड झाला, बाजूला आणखी सहा-सात उठले, आणि भिंगाखाली ओळखीचे तांबूस कण दिसू लागले. तिसऱ्या बरणीत महिनाभरानं कापलेल्या कडेला थोडे पांढरे ठिपके आले, पण ते उथळच राहिले. नळाच्या पाण्यातली पट्टी नुसती निस्तेज झाली. पावसाच्या पाण्यातली पोळ्यापर्यंत जवळजवळ होती तशीच होती.

हे असं का होतं, ते मुळातून सांगतो, कारण "खारं पाणी खातं" या वाक्यानं भांडी वाचत नाहीत.

अॅल्युमिनियम खरं तर फार तापट धातू. प्राणवायूशी त्याचं इतकं जमतं की उघड्यावर आला की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, खालचं लोखंड उघडं पाडत जातो. हा थर मात्र घट्ट, आणि खालच्या धातूला राखणारा. जाडी किती? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-चार. जर्मनच्या भांड्याचं सगळं आयुष्य या थरावर अवलंबून असतं. साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये तो टिकतो. त्याखाली आम्लात विरघळतो, त्यावर अल्कधर्मी पाण्यातही विरघळतो. चुलीच्या राखेनं जर्मन घासू नये ते म्हणूनच. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ओल्या राखेचा पीएच बराच वर जातो. धुण्याच्या सोड्याचंही तेच. सोड्याच्या कडक पाण्यात जर्मनचा तुकडा टाकून बघा, बुडबुडे सुटतात. तो हायड्रोजन असतो, भांड्याचा धातू विरघळताना निघालेला.

मावशीच्या बोअरचं ८.१ या मर्यादेत बसतं. म्हणून पत्रा सगळीकडून विरघळला नाही. पण क्लोराइड थराच्या कमजोर जागा शोधतं आणि एखाद्या ठिकाणी तो फाडतं. उघड्या पडलेल्या धातूचे आयन पाण्यात उतरतात, पाण्याशी क्रिया करून आम्ल तयार करतात, आणि त्या टोकाएवढ्या खळग्यातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी आंबट होतं. वर अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी, गिळगिळीत टोपी बसते. टोपी आतलं आम्ल बाहेर जाऊ देत नाही. कठीण पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट बसून टोपी आणखी टणक होते. मला टाचणीनं फोडावी लागली ती हीच टोपी.

पण एवढ्यानं अकरा महिन्यांत भोक पडत नाही. खड्डा खणायला जे इलेक्ट्रॉन सुटतात ते कुठंतरी वापरले गेले पाहिजेत, नाहीतर खणणं थांबतं. ऑक्साइडचा थर इलेक्ट्रॉन सहज जाऊ देत नाही, म्हणून नुसत्या खाऱ्या पाण्यात काम मंद चालतं. इथं तांबं येतं. पाण्यातला तांब्याचा आयन अॅल्युमिनियमला टेकला की स्वतः धातू होऊन तिथंच बसतो आणि बदल्यात अॅल्युमिनियम पाण्यात ढकलतो. कुठला धातू इलेक्ट्रॉन किती सहज सोडतो हे सांगणाऱ्या प्रमाण विभवांच्या तक्त्यात तांबं +०.३४ व्होल्टवर आणि अॅल्युमिनियम −१.६६ वर आहे. थरामुळे भांड्यात फरक एवढा उरत नाही, तरी पुष्कळ उरतो. त्या तांबूस कणावर प्राणवायू आरामात इलेक्ट्रॉन घेत राहतो, आणि शेजारचा खड्डा खोल जात राहतो. कण म्हणजे चालू विद्युत घट, पाण्यात बुडालेला, रात्रंदिवस सुरू.

यासाठी तांबं किती लागतं? मानकात पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला ०.०५ मि.ग्रॅ. पर्यंत चालतं, आणि सवलतीत १.५ पर्यंत. अॅल्युमिनियमला त्याच्याही खालचं, लिटरला ०.०२ मि.ग्रॅ. च्या आसपासचं तांबंही पुरतं, जर पाण्यात क्लोराइड, कॅल्शियम बायकार्बोनेट आणि प्राणवायू सोबत असतील. या चौघांची सांगड १९५० च्या दशकापासून अभ्यासली गेली आहे. माणसाला निर्धोक असलेलं पाणी भांड्याला घातक ठरू शकतं, हे मी मावशीला तीनदा सांगितलं, कारण तिला वाटत होतं की गुंडातलं पाणीच विषारी निघालं. तसं अजिबात नाही. गुंड चांगला आहे. त्याचं पाणी प्यावं, जर्मनमध्ये ओतू नये.

नवेगावला हीच सवय का निभावली? तिथल्या गोड्या पाण्यात तांबं तर पोचत होतं, पण थर फाडायला क्लोराइड आणि टोपी पक्की करायला कठीणपणा पुरेसा नव्हता. आणि चुलीवरचा गंज? त्यात तांबं जात नव्हतं, तो रोज रिकामा होऊन सुकायचा, आणि उकळत्या पाण्यात अॅल्युमिनियमवर जाड, घट्ट जलयुक्त ऑक्साइडचा थर चढतो. त्यावर बायकार्बोनेट फुटून चुन्याचा थर बसतो. मावशी त्याला "बुड पांढरं झालं" म्हणून नावं ठेवायची आणि आतला काळेपणा विटकरीनं घासून काढायच्या विचारात होती. मी हात धरला. तो काळेपणा म्हणजे हाच ऑक्साइडचा थर, भांड्याचं चिलखत. चिंच उकळली की तो जातो, कारण आम्ल तो थर विरघळवतं. पण घालवायचा कशाला?

रिपिटाचं कोडं आता सांगायला नको. कारागिराकडे जर्मनचा रिपीट नव्हता, म्हणून त्यानं तांब्याचा मारला. मदतच करत होता बिचारा. खाऱ्या पाण्यात बुडालेलं तांब्याचं अख्खं डोकं अॅल्युमिनियमच्या पोटात बसलं. भोवतीचा पत्रा पाच आठवड्यांत गेला, यात नवल नाही.

जाडीबद्दल थोडं सांगायला हवं. नैसर्गिक पाण्यात अॅल्युमिनियमचा खड्डा जसजसा खोल जातो तसतसा मंदावतो. खोली साधारणपणे काळाच्या घनमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अर्धा मिलिमीटर जायला एक वर्ष लागलं तर एक मिलिमीटर जायला दोन नव्हे, आठ वर्षं. पत्रा दुप्पट जाड, तर आयुष्य आठपट. मावशीच्या गोठ्यात सरकी ढेप भिजवायला तिच्या सासूच्या काळचा एक गंज आहे. त्याचा तळ मी मोजला, दोन मिलिमीटरहून जाड. आत खड्डे पुष्कळ, एकही आरपार नाही. "पहिलेचा माल पक्का होता" असं सगळे म्हणतात. धातू तोच आहे, पत्रा जाड होता. माझ्या मते मात्र तांबं रोज नव्यानं ओतलं तर या मंदावण्याचा फायदा मिळत नाही, कारण नवा कण नवा खड्डा सुरू करतो.

एक प्रश्न शेजारच्या वहिनींनी विचारला आणि त्याचं उत्तर जपून द्यायला हवं: अशा गंजातलं पाणी पोटात गेलं तर? फोडातला पांढरा पदार्थ, अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, पित्तावरच्या कित्येक औषधांत असतो, आणि तंदुरुस्त माणसाची मूत्रपिंडं अॅल्युमिनियम बाहेर टाकतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मि.ग्रॅ. ही मर्यादा घातली आहे. पण ज्याची मूत्रपिंडं अधू आहेत त्याच्या अंगात तो साठतो. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या अॅल्युमिनियमनं रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून ते पाणी काटेकोर शुद्ध करतात. आमच्या पट्ट्यात किडनीचे रुग्ण घरोघरी ऐकू येतात. अशा घरात चिंचेचं सार, आंबट वरण किंवा ताकाची कढी जर्मनमध्ये करू नये, फोड आलेल्या भांड्यात तर मुळीच नाही. स्टीलचं पातेलं त्यासाठीच काढावं.

मावशीच्या घरात बदल फार झाला नाही. गुंडातलं शिळं पाणी आता कढीपत्त्याच्या झाडाला जातं. वापराच्या पाण्याला प्लास्टिकचा ड्रम आला. गंज रोज रात्री रिकामा होतो आणि ओट्यावर पालथा पडतो, म्हणजे गाळ बसत नाही आणि तळ सुकतो. राख फक्त लोखंडी तव्याला. यातलं कुठलंही काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते मावशीला दुकानात परत नेणं.

पोळ्यानंतरच्या बाजाराला ती माझ्याबरोबर आली. दुकानदारानं ओळखलं, पण आधी बोलला नाही. जर्मन किलोवर विकतात; मावशीनं समोरच्या ढिगातून एकाच मापाचे चार गंज काढले आणि एकेक काट्यावर ठेवायला लावला. "बाई, सारखेच हायेत," तो म्हणाला. काट्यावर तसे निघाले नाहीत. तिनं सगळ्यांत जड तो निवडला, पैसे मोजले, आणि पिशवी उचलताना त्याला म्हणाली, "तुया माल खोटा नव्हता भाऊ. मीच त्याच्यात तांब्याचं पानी टाकत होती."

दुकानदारानं तांब्याचं म्हणजे काय ते विचारलं. मग पुढचा अर्धा तास दोघांचं बोलणं चाललं, आणि मी काट्याजवळच्या स्टुलावर बसून ऐकत होतो.